भद्रावतीची साक्ष

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या आगगाडीनें हिंगणघाट, वरोडा व माजरी हीं स्थानकें मागें टाकलीं, कीं थोड्याच वेळांत भांदक नांवाचें एक साधेंसुधें स्थानक लागतें. दिल्लीहून दक्षिणेकडे धांवणाऱ्या कित्येक जलद गाड्या येथें न थांबतांच पुढें जातात. खिडकीशीं बसलेल्या प्रवाशाला कोळशाचे ढीग, पळसाचीं झाडें आणि दूरवर दोन-तीन बुटक्या टेकड्या दिसतात, आणि तो पुन्हां आपल्या वर्तमानपत्रांत डोकें घालतो. त्यांपैकीं एका टेकडीच्या पोटांत, सत्तर फूट आंत, अंधारांत भगवान् बुद्धाची एक भव्य मूर्ति शतकानुशतकें बसून आहे, हें त्याला कोणी सांगितल्यावांचून कळावें कसें? स्थानकाचें नांव भांदक राहिलें. गांव मात्र आज भद्रावती या नांवानें ओळखलें जातें. या दोन नांवांच्या मध्यें दोन हजार वर्षांच्या घडामोडी दडलेल्या आहेत. त्यांतील कांहीं दगडांनीं सांभाळल्या, कांहीं दंतकथांनीं सांभाळल्या, आणि कांहीं कायमच्या हरवल्या.

भद्रावती नागपूरच्या दक्षिणेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर, नागपूर-चंद्रपूर हमरस्त्यावर वसलेली आहे. पूर्वेस ताडोब्याचें अरण्य, पश्चिमेस वर्धा नदीचें खोरें. जमिनीवर पिंवळसर-तांबूस वाळूचा दगड आणि त्याच्या खालच्या थरांत कोळसा, अशी या मुलखाची रचना आहे. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना 'गोंडवन' म्हणतात, आणि हें नांव गोंडांच्या याच भूमीवरून पडलें. पुढें ज्या प्राचीन महाखंडापासून आफ्रिका, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया हे देश वेगळे झाले, त्यालाही शास्त्रज्ञांनीं तेंच नांव दिलें. भद्रावतीचें सारें वैभव या दोन पदार्थांत सामावलेलें आहे. प्राचीनांनीं वरचा मऊ दगड कोरून देव घडविले. अर्वाचीनांनीं खालचा कोळसा खणून गाड्या चालविल्या. या दोन उद्योगांचा एकमेकांशीं मेळ कसा घालावा, हाच आज भद्रावतीपुढें असलेला प्रश्न आहे.

प्रथम पोथीची साक्ष घेऊं. जैमिनीच्या अश्वमेधाची कथा महाराष्ट्रांतील जुन्या घरांत पिढ्यान् पिढ्या वाचली जात असे. श्रीधर कवीनें ती मराठी ओवींत आणिली होती. युधिष्ठिराच्या यज्ञासाठीं श्यामकर्ण घोडा हवा होता. तो भद्रावती नगरीच्या यौवनाश्व राजाजवळ होता. तेव्हां भीम, कर्णाचा पुत्र वृषकेतु आणि घटोत्कचाचा पुत्र मेघवर्ण असे तिघे त्या नगरीस गेले आणि पराक्रम करून त्यांनीं घोडा आणिला. ती भद्रावती हीच, असें येथील लोक अभिमानानें सांगतात. गवराळ्याच्या टेकडींतील कोरीव दालनांना यौवनाश्वाचा राजवाडा म्हणण्याची चाल जुनी आहे, आणि इंग्रज संशोधकांनींही तें नांव नोंदून ठेवलें आहे. हिंदुस्थानांत दुसऱ्याही कांहीं गांवांनीं याच कथेवर हक्क सांगितला आहे. म्हणून पोथीवरून गांवाचा काळ ठरवितां येत नाहीं. तथापि आपल्या भोंवतालचे दगड सामान्य नव्हेत, येथें कोणी मोठें माणूस नांदून गेलें, ही जाणीव गांवकऱ्यांच्या मनांत त्या कथेनेंच जागी ठेवली. कोरीव लेखांच्या अभावीं कथेनें राखण केली, एवढें श्रेय तिला दिलेंच पाहिजे.

आतां दगडांकडे वळूं. गांवाच्या दक्षिणेकडच्या बाजूस विजासन नांवाची टेकडी आहे. तिच्या पोटांत जें लेणें आहे त्याची मांडणी मोठी विलक्षण आहे. अजिंठा किंवा कार्ले पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लेणें म्हटलें म्हणजे खांबांच्या दोन रांगा, कमानदार छत, शेवटीं स्तूप, नाहींतर मोठें दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंस भिक्षूंच्या खोल्या असें चित्र उभें राहतें. विजासन येथें यांतलें कांहीं नाहीं. येथें कारागिरांनीं टेकडींत एक सरळ, अरुंद बोळ खणीत नेला. जनरल कनिंगहॅम यानें १८७३-७४ सालच्या दौऱ्यांत तो मोजला, तो ७१ फूट भरला. बोळाच्या अखेरीस गाभारा आहे आणि त्यांत बैठकीवर बसलेली बुद्धाची प्रचंड मूर्ति आहे. या मुख्य बोळाला काटकोनांत दुसरे दोन बोळ फुटलेले असून त्यांच्याही टोंकांशीं गाभारे व मूर्ति आहेत.

या रचनेचा परिणाम शब्दांत सांगण्यापेक्षां अनुभवावा असाच आहे. बाहेरच्या झगझगीत उन्हांतून आंत पाऊल टाकल्यावर प्रथम कांहींच दिसत नाहीं. दहा पावलें गेल्यावर भिंतींचा ओलसर गारवा हाताला जाणवतो. आणखी पुढें गेल्यावर डोळे अंधाराला सरावतात, आणि मग समोरच्या काळोखांतून हळूहळू एक आकृति घडत जाते: आधीं गुडघे, मग मांडीवरचे हात, मग खांदे, आणि सर्वांत शेवटीं मुख. ज्यानें हें लेणें योजिलें त्यानें दर्शनाचा हा क्रम जाणून-बुजून योजिला असावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. वाळूचा दगड मऊ असल्यानें मूर्तींची बरीच झीज झाली आहे. पावसाळ्यांत पाझरणाऱ्या पाण्यानें चेहऱ्यांची रेखीव कड पुसून टाकली आहे. परंतु बैठकीचा डौल अजून अभंग आहे.

हें लेणें केवळ पुराणवस्तु म्हणून उरलेलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि लगेच १६ ऑक्टोबर रोजीं चंद्रपुरास दुसरा दीक्षासमारंभ झाला. तेव्हांपासून या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबांना विजासनची मूर्ति परकी राहिली नाहीं. ज्या गाभाऱ्यांत कित्येक शतकें वटवाघळांखेरीज कोणी फिरकत नव्हतें, तेथें आज मेणबत्त्या लावून वंदना होते. दगडाला पुन्हां माणसें भेटलीं, असा योग फार थोड्या लेण्यांच्या वांट्याला आला आहे.

लेण्याकडून गांवाकडे परततांना डोलारा तलाव लागतो. या तलावांत एक लहानसें बेट आहे आणि त्या बेटावर जाण्यासाठीं बांधलेला जुना दगडी पूल हें भद्रावतीचें दुसरें आश्चर्य होय. पुलाची लांबी १३६ फूट आणि रुंदी ७ फूट. त्याला कमान नाहीं. दगडी खांबांच्या दोन रांगा पाण्यांतून उभ्या केल्या आहेत, खांबांच्या माथ्यांवर लांब जाड तुळया आडव्या टाकल्या आहेत, आणि त्यांवरून वाट केली आहे. कमानीची युक्ति मुसलमानी अमदानींत सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वींचा हिंदु कारागीर बहुधा खांब आणि तुळई यांवरच भिस्त ठेवी. परंतु दगडाच्या तुळईचा एक स्वभाव आहे: ती दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाहीं. दोन खांबांमधील अंतर वाढलें, कीं तुळई खालच्या अंगानें तडकते. म्हणून खांब जवळजवळ घ्यावे लागतात. डोलाऱ्याच्या पुलावर खांबांची एवढी दाटी कां, याचें उत्तर हें असें आहे. शोभेसाठीं वाटणारी ती रांग वस्तुतः कारागिराच्या हिशेबांतून आलेली आहे. प्राचीन हिंदु पद्धतीचे पूल आपल्या देशांत फारच थोडे शिल्लक आहेत. ज्यांनीं देवळें शेंकड्यांनीं पाहिलीं त्यांनींही असा पूल एखादाच पाहिला असेल.

गांवांत भद्रनागाचें देऊळ आहे. नागपंचमीस येथें मोठी यात्रा भरते. भद्रनाग हा गांवाचा राखणदार. पंचक्रोशींतील शेतकरी पेरणी आटोपली, कीं त्याच्या पायांशीं येऊन जातात. आजचें देऊळ फार जुनें नसलें तरी त्याच्या भिंतींत व आवारांत जुन्या देवळांचे दगड, कोरीव पट्ट्या आणि मूर्ति आहेत. गांवांत हिंडतांना हाच प्रकार पावलोपावलीं आढळतो. कोठें पिंपळाच्या पाराला नक्षीच्या खांबाचा तुकडा टेकू म्हणून लावला आहे. कोठें विहिरीच्या काठावर मूर्तीचें भग्न पीठ धुण्याचा दगड झालें आहे. कोठें ओळखूं न येणाऱ्या एखाद्या शिल्पाला शेंदूर फांसून त्याची देवी केली आहे. शहरांतील सुशिक्षित माणूस हें पाहून हळहळतो. परंतु शेंदूर फांसलेला दगड निदान कोणी उचलून नेत नाहीं. अडाणी म्हणून ज्या भक्तीची थट्टा होते तिनेंच पुष्कळ शिल्पें आपापल्या ठिकाणीं राखलीं आहेत.

भद्रावतीचें तिसरें तीर्थ जैनांचें. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथील जंगलांत पार्श्वनाथाची प्राचीन मूर्ति पुन्हां प्रकाशांत आली. एका भाविकाला स्वप्नांत नागानें ती जागा दाखविली अशी श्रद्धा असल्यामुळें या पार्श्वनाथाला 'स्वप्नदेव' असेंही म्हणतात. पुढें तेथें प्रशस्त मंदिर व धर्मशाळा झाली, आणि आज गुजरात-राजस्थानांतून यात्रेकरू केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनास येतात. पार्श्वनाथाचें लांछन नाग, आणि त्याच्या मस्तकावर छत्र धरणाऱ्या फणा नागाच्याच. गांवाचा राखणदार नाग, जैनांच्या तीर्थंकराचा छत्रधारी नाग, आणि मूर्तीचा ठाव सांगणाऱ्या स्वप्नांतलाही नागच! अरण्याच्या कडेला भात पिकविणाऱ्या प्रदेशांत सापाचें भय आणि सापाचें पूजन हीं दोन्ही माणसाच्या मनांत किती खोल रुजलेलीं असतात, तें येथें दिसतें.

गवराळ्याच्या टेकडीवर वरदविनायकाचें स्थान आहे. विदर्भांतील अष्टविनायकांत त्याची गणना होते. टेकडीच्या खडकांतच कोरलेल्या या जागेवरून खालचा सारा परिसर दृष्टीस पडतो: तलाव, शेतें, गांवाचीं घरें, आणि पलीकडे खाणींच्या मातीचे उंचवटे. बौद्ध लेणें, गणपतीचें ठाणें, नागाचें देऊळ, जैनांचें तीर्थ आणि जुन्या किल्ल्याचे अवशेष हें सर्व एका दिवसाच्या पायपिटींत पाहतां यावें, असें दुसरें गांव विदर्भांत शोधूनही विरळाच सांपडेल.

येवढें सगळें पाहून झाल्यावर कोणाच्याही मनांत साहजिकच एक प्रश्न येतो. हें नगर होतें तरी कोणाचें? येथें कोणता राजा राज्य करीत होता? या प्रश्नाच्या उत्तराची हकीकत ही भद्रावतींतील कोणत्याही मूर्तीइतकीच पाहण्यासारखी आहे.

ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकांत, इ. स. ६३९ च्या सुमारास, कलिंगाकडून कोसल नांवाच्या देशांत आला. हा कोसल म्हणजे अयोध्येचा नव्हे, दक्षिणेकडचा. तेथील राजा क्षत्रिय असून बुद्धधर्माचा भक्त होता, देशांत सुमारें शंभर विहार होते आणि दहा हजारांच्या आंतबाहेर भिक्षु होते, असें त्यानें लिहून ठेवलें. मात्र राजधानीचें नांव त्यानें लिहिलें नाहीं. तेवढ्या एका गाळलेल्या शब्दानें संशोधकांना पुढें शंभर वर्षें कामाला लावलें. फर्ग्युसननें वैरागड सुचविलें. कनिंगहॅमची दृष्टि चांद्याकडे व भांदककडे गेली. येथें बौद्ध लेणें होतें, अफाट अवशेष होते, भद्रावती हें पुराणप्रसिद्ध नांव होतें. आणखी काय पाहिजे?

आणखी जें पाहिजे होतें तेंही जणूं हातीं आलें. नागपूरच्या संग्रहालयांत एक मोठा शिलालेख होता. सूर्यघोष नांवाच्या राजाचा पुत्र राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला. त्या दुःखांत राजानें बुद्धाचें मंदिर बांधिलें. पुढें तें जीर्ण झालें तेव्हां पांडववंशांतील भवदेव राजाच्या काळीं त्याचा जीर्णोद्धार झाला, असा त्याचा आशय. पुत्रशोकांतून उभ्या राहिलेल्या मंदिराची ही करुण कथा भांदकला अगदीं शोभणारी होती. तो दगड भांदकचाच, असें धरून चालण्यांत आलें. मग पांडववंशी राजांची राजधानी भांदक, ह्युएनत्संगाचें कोसलनगर भांदक, अशीं विधानें ग्रंथांतून छापलीं गेलीं आणि एका ग्रंथांतून दुसऱ्यांत उतरत गेलीं.

परंतु तो दगड संग्रहालयांत नेमका कोठून आला, याची भरवंशाची नोंदच नव्हती! लेखांतील राजवंश, त्याच वंशाचे इतर लेख सांपडण्याच्या जागा, या सर्वांचा मेळ घालतां पुढच्या अभ्यासकांना दिसून आलें, कीं हा लेख छत्तीसगडांतील आरंग या गांवचा असला पाहिजे. आज तो आरंगचा शिलालेख म्हणूनच ओळखला जातो. आरंग भांदकपासून सरळ रेषेंत तीनशें किलोमीटरांहून दूर आहे. त्यांतच महानदीच्या कांठीं सिरपूर येथें १९५३ ते १९५६ या काळांत उत्खनन झालें, मोठमोठे विहार उघडकीस आले, आणि पांडववंशी राजांची राजधानी तेथें होती हें पक्कें झालें. ह्युएनत्संगाची कोसलनगरीही सिरपूरच होय, या मताकडे आतां बहुतेक विद्वानांचा कल आहे. एका दगडाचा पत्ता चुकला, आणि एका गांवाच्या कपाळीं नसलेला राजमुकुट कित्येक दशकें राहिला. पत्ता सुधारल्याबरोबर तो उतरला.

येथें आणखी एक उदाहरण उपयोगी पडेल. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याच्या काळांत वेरूळचें कैलास लेणें कोरलें गेलें, त्याचे ताम्रपट भांदकला सांपडले आहेत. त्यांवर शके ६९४ म्हणजे इ. स. ७७२ हें वर्ष आहे. त्यांवरून आठव्या शतकांत हा प्रदेश राष्ट्रकूटांच्या सत्तेखालीं होता हें सिद्ध होतें. तथापि त्यांत दिलेलें दान मात्र भांदकच्या कोणत्या देवळाला नसून उदुंबरमंती येथील सूर्यमंदिराला आहे. ताम्रपट हा घरांत जपून ठेवण्याचा दस्तऐवज. मालक स्थलांतर करी, तसा तोही त्याच्याबरोबर जाई. म्हणून जेथें ताम्रपट सांपडला तेथेंच तें देऊळ शोधणें चुकीचें ठरतें.

याच्या उलट गोष्ट याच जिल्ह्यांतील नागभीडजवळच्या देवटेक या खेड्याची. तेथें एक मोठी शिळा सांपडली. तिच्यावर अशोकाच्या काळच्या लिपींत प्राण्यांना धरूं नये व मारूं नये अशा अर्थाची राजाज्ञा कोरलेली होती, आणि कित्येक शतकांनीं त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. ही शिळाही पुढें नागपूरच्या संग्रहालयांत गेली. परंतु ती कोठून आणली याची नोंद पक्की राहिली. त्यामुळें लेखांत आलेलें गांवाचें नांव आणि देवटेकच्या शेजारचें चिकमारा हें खेडें यांचा संबंध महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांना जुळवितां आला. दोन्ही दगड जागचे हललेच होते. पण एकाचा पत्ता नोंदलेला होता, आणि दुसऱ्याचा नव्हता. पहिल्यानें एका आडगांवाला मौर्यकाळापर्यंत पोंचविलें. दुसऱ्यानें विद्वानांना तीनशें किलोमीटर भलत्या दिशेस नेलें.

मग भद्रावतीचें काय उरलें? राजधानीचा मान गेला म्हणून ती लहान झाली का? मुळींच नाहीं. विजासनचें लेणें कोणी गाडींत घालून आणलेलें नाहीं. डोलाऱ्याचा पूल जेथें बांधला तेथेंच उभा आहे. ज्या गांवानें डोंगर पोखरून तीन बुद्ध बसविले, तलावांत खांब रोवून बेटावर वाट नेली, त्या गांवाजवळ पैसा होता, कारागीर होते आणि मोठी कामें तडीस नेणारी संस्था होती, हें निर्विवाद आहे. राजाचें नांव ठाऊक नसलें तरी गांवाचें सामर्थ्य ठाऊक आहे. उसन्या कीर्तीपेक्षां हें अस्सल धन अधिक मोलाचें होय.

परंतु हें धन राहील कसें, याचा विचार आजच व्हावयास हवा. विजासनचें लेणें केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत मोडतें. १९५८ चा कायदा आणि २०१० सालीं त्यांत झालेली दुरुस्ती यांप्रमाणें अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम करतां येत नाहीं आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवांचून करतां येत नाहीं. मोठ्या स्मारकांना हें कवच पुरेसें असेल. सुट्या दगडांना मात्र तें लाभत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरोड्याला कोळशाची खाण निघाली. आज माजरीच्या बाजूस खाणींचा विस्तार मोठा आहे. १९६० नंतर येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आला. रस्ते रुंद झाले, घरांना पाये खणले गेले. हें सर्व लोकांच्या पोटासाठींच आहे आणि तें थांबवा असें कोणी म्हणणार नाहीं. पण पाया खणतांना निघालेला कोरीव दगड गाडींतून दुसरीकडे टाकला गेला, कीं तो दगड म्हणून शिल्लक राहतो, साक्षीदार म्हणून मरतो. कोणत्या शेतांत, किती खोल, कशाच्या शेजारीं तो होता, हें त्याबरोबरच पुसलें जातें. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें जमिनींत सांपडलेल्या मौल्यवान वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणें बंधनकारक आहे. परंतु कायद्याच्या आधीं दगड सांपडल्याबरोबर गांवच्या शिक्षकानें, ग्रामसेवकानें किंवा घरमालकानें एक छायाचित्र काढावें, शेताचें नांव व तारीख लिहून ठेवावी, आणि मग पुराणवस्तु खात्यास कळवावें. भवदेवाच्या शिलालेखावर अशी एक ओळ कोणी लिहून ठेवली असती, तर दोन पिढ्यांचा वाद वांचला असता!

हात मातींत घालून गांव उभें राहूं शकतें याचा धडाही भद्रावतींतच मिळतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं येथें ग्रामोदय संघ स्थापिला आणि कुंभारकामाला नवी भट्टी, नवें चाक, नवी झिलई देऊन त्या जुन्या धंद्यांत जीव ओतला. लेणें पाहून येणाऱ्यानें कुंभारांचें काम पाहण्यासही तासभर द्यावा. दगड घडविणारे हात गेले, तरी माती घडविणारे हात येथें आहेत.

ज्यांना दोन-तीन दिवसांची सवड असेल त्यांना भद्रावती हें पुढील प्रवासाचें उत्तम नाकें आहे. चंद्रपूर येथून तासाभराच्या आंत गांठतां येतें. तेथें गोंड राजांनीं बांधिलेला परकोट आणि जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशी आहेत. अंचलेश्वराच्या देवळाजवळ त्या राजांच्या समाध्या आहेत. आणि चैत्रांत महाकालीची यात्रा भरते. गोंडांचें हें राज्य १७५१ मध्यें रघूजी भोसल्यांच्या हातीं गेलें. पूर्वेस मोहर्लीच्या वाटेनें ताडोब्याचें अरण्य लागतें. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेलें हें अरण्य आज व्याघ्रप्रकल्प म्हणून सर्वतोमुखीं आहे. आणखी पूर्वेस, १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथें देवळांचा एक अप्रतिम समूह आहे. नदी तेथें उत्तरवाहिनी झाली आहे, आणि महाशिवरात्रीस तिच्या वाळवंटांत सारें गोंडवन लोटतें.

प्रवास करावा तो दिवाळीनंतर, माघ-फाल्गुनापर्यंत. वैशाखांत हा मुलूख अक्षरशः तापलेल्या तव्यासारखा होतो. बरोबर विजेची चांगली बत्ती असावी, कारण विजासनच्या गाभाऱ्यांत दिवसांही अंधारच असतो. पायांतील जोडे बाहेर काढावे, भिंतींना हात घासूं नये, आणि मुलांना आधींच बजावून ठेवावें, कीं दगडावर नांव कोरणारा माणूस आपलें नांव अमर करीत नाहीं, दुसऱ्याचें पुसतो. शेताच्या बांधावर एखादा सुबक तुकडा पडलेला दिसेल; दिवाणखान्यांत ठेवण्यास तो मोठा शोभिवंत असेल. तो तेथेंच राहूं द्यावा. दिवाणखान्यांत तो केवळ एक शोभेची वस्तु होईल. बांधावर तो अजून भद्रावतीचा आहे, आणि उद्यां कोणी जाणता माणूस त्याला विचारूं लागला, तर तो उत्तर देऊं शकेल.